दोघांनी घातलेलं पाणी

मूल, १८ जुलै

श्रीहरी जवाईबापू यांस,

राम राम. पत्र पाहून तुमाले नवल वाटंल. जवाईबापू लिहावं का नुसतं श्रीहरी, यातच माही अर्धी सकाळ गेली. कोर्टाची शेवटची तारीख अजून व्हायची आहे, तोवर जुनंच चालू देतो.

काम झाडाचं आहे, दुसरं काही नाई. लग्नानंतरच्या पयल्या दिवाळीले तुमी नर्सरीतून रबराचं रोप आणलं होतं, ते. वीतभर होतं तवा. आता खिडकीच्या वरच्या गजाले लागते. मागच्या महिन्यापासून त्याची खालची पानं पिवळी पडून गळून राह्यली. नुसता हात लावला का पान खाली. देठ नरम झाले. माती ओलीच असते आन जवळ नाक नेलं तं नालीसारखा वास येते. मले वाटलं पाणी कमी पडून राह्यलं, म्हणून वाढवून पाह्यलं. त्यानं आणखी बिघडलं.

उन्हाळ्यात मी कुंडी बदलली, हे बी सांगून ठेवतो. जुनी कुंडी तडकली होती. बांधीतली चांगली चिकट माती आणली, ज्यात धान जोरात येते ती, आन पेंटच्या मोठ्या बादलीत झाड लावलं. बादली मजबूत आहे, उचलाले कडी बी आहे.

तुमी म्हणाल, मूल गावातच कोणाले विचारा. विचारलं. एक जण म्हणे युरिया टाका. दुसरा म्हणे फेका आन नवीन आणा. नवीनच आणाचं असतं तं तुमाले कायले लिहिलं असतं? तुमी दिवसभर रोपायतच राहता, म्हणून विचारून राह्यलो.

फोन केला नाई कारण तुमचा नंबर माह्या फोनमधी नाई आता. पुनमनं काढला, मी अडवलं नाई. तसं बी फोनवर मले दोन शब्दायनंतर तिसरा सुचत नाई. म्हणून आलापल्लीच्या नर्सरीच्या पत्त्यावर टाकतो.

पुनम मजेत आहे. दवाखान्यात तिची ड्युटी बरी चालू आहे. मी रिटायर झालो तरी राइस मिलमधी जाऊन बसतो. नवीन मिस्त्री मशीनचा आवाज ऐकत नाई, नुसतं मीटर पाहते. तुमच्या आईची तब्येत कशी आहे ते कळवा.

हे पत्र लिहिल्याचं पुनमले सांगतलं नाई. सांगाचं काही कारण नाई.

नथ्थू निकुरे

&nbsp;

मूल, ५ ऑगस्ट

श्रीहरी जवाईबापू यांस,

तुमचं उत्तर भेटलं. अर्धं पान. वर राम राम नाई, खाली नाव नाई, पण अक्षर मी ओळखतो. आईच्या तब्येतीचं विचारलं होतं, ते राहून गेलं वाटते. झाडाचं मात्र समजंल असं लिहिलं. बाहेर काढा, मुळं धुवा, सडकी कापा, हळद लावा, भोकाच्या कुंडीत भुसभुशीत मातीत लावा. तसंच केलं.

पाकीट टपालवाल्यानं पुनमच्या हाती दिलं होतं. मी मिलमधी होतो. घरी आलो तं ते टीव्हीवर ठेवलेलं, बंदच्या बंद. ती म्हणे, "बाबा, तुमचं पत्र आलं आलापल्लीवरून." आन भाजी चिराले बसली. 

रविवारी अंगणात पेपर पसरून बादली आडवी केली. झाड ओढलं तं मातीचा गोळा बादलीचाच आकार घेऊन अख्खा बाहेर आला आन त्याच्या मागून काळं पाणी. असा वास सुटला का बाजूचे हाफिजभाई, ते कूलर-पंखेवाले, भिंतीवरून वाकून म्हणतात, "भाऊ, नाली फूट गई क्या?"

मुळं धुतली. काळी पडली होती. बोटानं ओढलं का वरचं साल मोज्यासारखं निघून हाती येते, आत नुसता धागा राहते. मी विळी घेऊन बसलो. तेवढ्यात पुनम दारात.

"विळीनं कापता का बाबा? गंजलेली आहे ते."

आत गेली आन ब्लेड, स्पिरिट, कापूस, हातमोजे घेऊन आली. दवाखान्यातलं नाई, मेडिकलमधून आणून घरी ठेवते ती. मोजे घातले, ब्लेड पुसलं, पाटावर बसली. मले म्हणे, "त्यायनं काय लिहिलं ते वाचा."

मी वाचत गेलो, ती कापत गेली. मी वाचलं, "काळं आन नरम असंल ते सगळं काढा, पांढरं टणक लागेपर्यंत." तं म्हणे, "माईत आहे मले. शुगरवाल्यायचे पाय असेच साफ करतो आमी. जराक ठेवलं का वर चढते." प्रत्येक कापाले ब्लेड पुसत होती. मी म्हणलं झाडाले कायले एवढं. ती म्हणे, "झाडाले बी लागते."

अर्धं झालं असंल तवा तिनं विचारलं, "पानी कोन देते हो याले?"

"मीच. रोज सकाळी एक लोटा."

तिचा हात थांबला. "रोज?"

"हो. काऊन?"

"मी बी देऊन राह्यली होती. ड्युटीवरून आली का."

"तू तं म्हणली होती, फेकून द्या म्हणून."

"म्हणली होती."

मंग तिनं ब्लेड पुन्हा पुसलं. हाफिजभाई भिंतीवर कोपर ठेवून पाहून राह्यले होते, ते हळूच खाली उतरले.

तं असं झालं. दोन वेळचं पाणी, बादलीले खाली भोक नाई, आन बांधीतली माती, जी पाणी धरून ठेवासाठीच असते. झाडाचा काही दोष नाई. तुमचं नाव घरात निघू नये म्हणून आमी दोघं या झाडाचंही बोलत नव्हतो. बोललो असतो तं एकानं पाणी बंद केलं असतं.

कापणं झाल्यावर मूठभर मुळं उरली. तिनं मोजे काढले, हात धुतले आन पत्र मागितलं. वाचलं. मंग कागद उलटून मागची बाजू पाह्यली. कोरी होती. घडी करून मले परत दिलं. म्हणे, "हळद लावाले सांगतली आहे ना, लावा मंग," आन आत निघून गेली.

हे तुमाले सांगाचं नाई असं ठरवलं होतं. लिहिता लिहिता लिहिल्या गेलं. आता खोडत नाई.

मिलच्या भट्टीत जळलेलं धानाचं तूस आणलं, त्यात रेती आन जुनं शेणखत मिसळलं. कुंडी लहानच घेतली. तिचं भोक बारीक होतं, हाफिजभाईनं ड्रिलनं आणखी पाडून दिले. अर्धी पानं कापली तं पांढरा चीक गळला, फरशीवर डाग पडला आहे. सावलीत ठेवलं. पाणी बंद. पुढं काय होते ते कळवीन.

नथ्थू निकुरे

&nbsp;

मूल, २४ ऑगस्ट

श्रीहरी जवाईबापू यांस,

तुमचं मोठं पत्र भेटलं. झाडाचं शेवटच्या पानावर होतं, म्हणून आधीचं सगळं वाचावं लागलं. पुनम घरी नव्हती. वाचून झाल्यावर मी पुन्हा पयल्या पानापासून वाचलं. आईच्या गुडघ्याचं समजलं. तिळाच्या तेलानं काही होत नाई, चंद्रपूरले दाखवा.

आता बदलीचं. तुमाले चंद्रपूरची बदली आली होती आन तुमी नाई म्हणून कळवलं, हे मले माईत होतं. पुनम तवा इकडं मूलमधी खोल्या पाहत फिरत होती, का बदली झाली तं तुमी चंद्रपूरवरून बसनं रोज येणं-जाणं कराल म्हणून. एक खोली तिनं पसंत बी केली होती, मागं मोकळी जागा होती म्हणून. तुमी नाई म्हणल्याचं तिले कसं समजलं ते तुमाले माईत नसंल. तुमच्या ऑफिसातल्या एका बाईनं लग्नाच्या पंगतीत सांगतलं. हिच्या हातात घास होता. तिनं तो खाल्ला, ताट संपवलं, सगळ्यायले नमस्कार केला आन घरी येऊन मंग रडली.

काऊन नाई म्हणलं ते मले आता समजलं. ट्रेनिंगसाठी चंद्रपूरले राह्यले तवा तुमचा जीव घाबरत होता, छातीत धडधड व्हायची, डॉक्टरनं सगळं बरोबर आहे म्हणून परत पाठवलं. ऑफिसात टेबलापाशी बसून दिवस काढाचा या विचारानंच घाम फुटत होता. रोपायत उभं राह्यलं का बरं वाटते. बायकोले हे कसं सांगाचं म्हणून लाज वाटली. वाचून मले तुमचा राग नाई आला. मिल अचानक बंद पडली, आवाज थांबला, का मले बी घाबरल्यासारखं होते. मिलमधी चाळीस वर्षं काढली, कोणाले सांगतलं नाई. तुमालेच सांगून राह्यलो.

पण तुमी शेवटी लिहिलं, "मामाजी, तुमी पुनमले समजावून सांगा, तुमचं ती ऐकंल." ते माह्यानं होणार नाई. राग नका मानू. तुमच्यावर माहा जीव आहे, हे तुमाले माईत आहे. पण पोरगी माही आहे. आन मी सांगतलं तं तिले ही गोष्ट पुन्हा दुसऱ्याच्याच तोंडून समजंल. बदलीचं तसंच समजलं होतं. तेच तं तिले लागलं. सांगाचं असंल तं तुमीच सांगा. कोर्टाच्या तारखेले भेटालच.

मी हे पत्र तिच्यापासून लपवलं नाई. कपाटात ठेवलं आन तिले म्हणलं, श्रीहरीचं आलं आहे, वाचाचं असंल तं वाच. ती म्हणे, "माह्या नावानं आहे का?" मी म्हणलं नाई. म्हणे, "मंग तुमचं आहे."

पयल्या पत्रात मी तुमाले पुनम मजेत आहे म्हणून लिहिलं होतं. ते तसं लिहाची पद्धत असते म्हणून. ती जेवते, कामावर जाते, पेशंटायसोबत हसते बी. घरी टीव्ही लावते आन भिंतीकडं पाहत राहते. एवढंच सांगतो, जास्त नाई.

झाडाचं. पानं गळणं थांबलं नाई. तुमी सांगतल्याप्रमाणं खोड नखानं खरडून पाह्यलं. मातीजवळ तपकिरी, सुकं, चीक नाई. वीतभर वर गेल्यावर हिरवं लागलं आन चीक आला. म्हणजे सड वर चढून राह्यली. तुमी लिहिलं का आता खालचं सोडा आन शेंडा वाचवा. पुनमनंच कापला. कापताना म्हणे, "एवढं वाढलेलं होतं."  चीक धुवून, हळद लावून, ओल्या तुसात लावला, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली. त्याले तीन पानं आहेत. खालचं खोड मुळासकट हाफिजभाईच्या बकरीनं बी खाल्लं नाई, मी ते खड्ड्यात पुरलं.

नथ्थू निकुरे

&nbsp;

मूल, २० सप्टेंबर

श्रीहरी यांस,

आज तुमचं नुसतं नाव लिहिलं. हाताले सवय लागाले वेळ लागंल.

परवा कोर्टात तुमी माह्या पाया पडाले वाकले आन मधातच थांबले. मी तुमच्या खांद्याले धरलं ते तेवढ्यासाठीच. लोक पाहून राह्यले होते. वजन कमी झालं तुमचं.

तुमाले वाटलं असंल मी केळं आणाले गेलो. केळं समोरच्या गाड्यावरच होती. मी रस्त्यापलीकडं जाऊन एका दुकानाच्या पायरीवर बसलो आन तुमी दोघं बाकावर दिसता का नाई ते पाहत होतो. तुमी बोलून राह्यले होते आन ती खाली पाहून ऐकत होती, एवढं दिसलं. एकदा तिनं तुमाले पाण्याची बाटली दिली. मंग मी पाहणं सोडलं. म्हाताऱ्या माणसानं किती पाहावं. मी परत आलो तवा ती म्हणे, "बाबा, आत बोलावलं." आन तुमी सह्या करून आले.

खरं सांगतो, पायरीवर बसल्या बसल्या मले वाटलं होतं का तुमी दोघं आत जाणारच नाई.

बसमधी ती खिडकीशी बसली. बस शहराच्या बाहेर निघाली. मंग म्हणे, "त्यायनं सगळं सांगतलं."

मी म्हणलं, "बरं झालं."

"तुमाले माईत होतं?"

"हो. तुले मी सांगाचं नव्हतं."

तिनं मान हलवली. जराशानं म्हणे, "आधी सांगतलं असतं तं मी नोकरी सोडून आलापल्लीले राह्यली असती का, मले माईत नाई बाबा. बहुतेक नाई. पन भांडली तं असती. भांडाले बी भेटलं नाई मले."

मी विचारलं, "मंग आज सही काऊन केली?"

ती म्हणे, "त्यायचा जीव तिकडंच लागते. माहा इकडं लागते. हे दोघायले बी आज माईत झालं. पयले मले वाटायचं, मीच नको होती."

मंग झोपली. डोकं माह्या खांद्यावर होतं. उतरायच्या आधी उठवलं तं पुष्कळ दिवसायनंतर झोप झाल्यासारखी वाटली. घरी येऊन दोनदा भात घेतला. हे तुमाले कळवणं मी माहं काम समजतो. तुमी तिले जे सांगतलं ते बरं केलं. सही झाली तरी बरं केलं.

शेंड्याचं. तीनपैकी दोन पानं गेली. एक आहे. पिशवीच्या आत वाफ धरते. ओढून पाह्यलं तं खालून हलकासा जोर लागते, म्हणजे काही तरी धरलं असावं. जास्त ओढत नाई.

नथ्थू निकुरे

&nbsp;

मूल, १५ नोव्हेंबर

श्रीहरी यांस,

दसऱ्याच्या वेळी एक पत्र टाकलं होतं, दिवाळीच्या आधी एक. भेटले नसतील. टपालाचं आजकाल काही खरं नाई.

सांगाचं म्हणजे शेंडा लागला. पिशवी काढून बरेच दिवस झाले. आठवडाभरापासून टोकाले लाल सुरळी दिसत होती, मी म्हणलं हे बी सुकून जाते. काल सकाळी ती उघडून पडली आन आतून पान निघालं. लहान आहे, हिरवं बी नाई अजून नीट, तांबूस आहे, पण चकाकते. कुंडी उचलून खाली पाह्यलं तं भोकातून पांढरं मूळ डोकावून राह्यलं. मी पुनमले हाक मारली. ती दात घासत बाहेर आली आन तोंडात पेस्ट असतानाच खाली वाकून पाहत राह्यली.

पाण्याचं आता ठरलं आहे. मी मातीत बोट घालून पाहाचं आन सांगाचं, पाणी तिनं घालाचं. एका दिवशी मी म्हणलं आज नको, तं ती म्हणे थोडं तं घालू द्या. पुष्कळ वाद झाला. शेवटी नाई घातलं.

पुनमनं दवाखान्यात लहान पोरायच्या वॉर्डात बदली मागून घेतली. ज्या खोलीच्या मागं मोकळी जागा होती ना, ती खोली तिनं विचारली होती. मी म्हणलं मले एकट्याले टाकून कुठी चालली? तं म्हणे, "तुमी बी चला, इथली भिंत पयलेच ओली आहे." पाहू, उन्हाळ्यापर्यंत.

इथी बाकी सगळं बरं आहे. धान निघालं, मिल जोरात चालू आहे, माहा सगळा दिवस तिथीच जाते. बसाले वेळ नसते. तुमाले बी कामं असतील, रोपायच्या पिशव्या भराचे दिवस आहेत. पत्राची काही घाई नाई. नाई लिहिलं तरी चालते. झाडाचं विचारलं होतं आन तुमी सांगतलं, काम झालं. आईच्या गुडघ्याचं मात्र समजलं असतं तं बरं झालं असतं.

पाकीट पुनमजवळ देऊन राह्यलो, ती जाता जाता पेटीत टाकंल.

नथ्थू निकुरे

&nbsp;

बाबांनी पाकीट उघडंच हातात दिलं. एरवी ते थुंकी लावून दोनदा दाबून देतात. म्हणून वाचलं.

मिलमध्ये ते आता जात नाहीत. दिवाळीपासून दुपारी दारात खुर्ची टाकून बसतात. टपालवाला गल्लीच्या तोंडाशी दिसला की उठून उभे राहतात. तो पुढं निघून गेला की खुर्चीचा पाय हलतो म्हणून वाकून पाहत राहतात. पाय हलत नाही. काल तो बिचारा स्वतःच सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "आज बी नाई, भाऊ."

तुम्ही का लिहीत नाही ते मला समजतं. माझ्यासाठी थांबला असाल तर थांबू नका. सही आपण दोघांनी केली. बाबांनी कुठं केली?

पुनम